दुधाचा पेला आणि पहाटेचं दुखणं: कोल्हापुरातल्या एका कंपवाताच्या रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो, कारण आमच्या गल्लीत हा फरक कुणी मानत नाही. कुणाच्याही घरी नवी गोळी आली की तिची पट्टी संध्याकाळी माझ्या दारात येते. हे प्रकरणही असंच आलं. घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, औषधांचे आणि वेळांचे बदललेले नाहीत.

रुग्णाला आण्णा म्हणू. वय 63. उद्यमनगरात चाळीसेक वर्षं पॅटर्न मेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी लाकडात जो हुबेहूब नमुना करतात तो यांच्या हातचा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मापापेक्षा किती मोठा ठेवायचा ते त्यांना फूटपट्टी न लावता कळायचं.

2018 मध्ये उजवा खांदा आखडला. सव्वा वर्ष शेक, मालिश, इंजेक्शन, फिजिओथेरपी असं सगळं झालं. ‘फ्रोझन शोल्डर’ हे निदान चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, सुरुवात बऱ्याचदा एका बाजूच्या आखडलेल्या खांद्याने होते, थरथर मागून येते. आण्णांच्या बाबतीत आधी अक्षर बारीक झालं, मग चालताना उजवा हात हलेनासा झाला. 2020 च्या सुरुवातीला मेंदूविकारतज्ज्ञांनी नाव घेतलं आणि लेव्होडोपा-कार्बिडोपा सुरू केलं, दिवसातून तीन वेळा. पहिली तीन वर्षं चांगली गेली.

आजाराबद्दल एवढंच. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, बनवतात आणि या आजारात त्याच मरत जातात. थरथर, मंदपणा ही लक्षणं दिसायला लागतात तेव्हा निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. लेव्होडोपा ही उणीव भरून काढतं, पेशींचं मरणं थांबवत नाही. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत ते देऊन दाखवलं. आज इतकी वर्षं होऊनही त्याच्या तोडीचं दुसरं औषध नाही, आणि आजाराचा वेग नक्की कमी करतं असं सिद्ध झालेलं तर एकही नाही.

अडचण

2024 च्या पावसाळ्यात आण्णा थरथरीबद्दल बोलायचे थांबले. दुखण्याबद्दलच बोलायला लागले. पहाटे चारला उजव्या पायाची बोटं आत वळायची, पोटरीचा दगड व्हायचा. दुपारी बाराच्या सुमाराला पुन्हा तेच, शिवाय खांदा आणि मान. ‘थरथर असू दे वो सर, तिची सवय झाल्या. ह्ये दुखणं न्हाई सोसत,’ हे त्यांचे शब्द.

कमरेचा एमआरआय झाला. साठीनंतर बहुतेकांच्या एमआरआयमध्ये दिसतो तसा मणक्यातल्या चकतीचा फुगवटा यांच्याही कमरेत दिसला. नस दबली असं ठरलं आणि प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध सुरू झालं. दुखणं फारसं हललं नाही, झोप मात्र दिवसभर यायला लागली. गणपतीच्या आधी आण्णा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण घर हादरलं.

त्याच आठवड्यात मुलगा माझ्याकडे आला. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत त्याचं छोटं मशीन शॉप आहे. सरळ माणूस, पण गडबडीचा. त्याच्या हातात एका महानगरातल्या खासगी केंद्राचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं: स्टेम सेल (दुसऱ्या प्रकारच्या पेशी ज्यांपासून घडू शकतात अशा मूळ पेशी), तीन इंजेक्शनं मणक्यातून, पाच लाख, ‘पेशी पुन्हा जिवंत’. पंचवीस हजार नोंदणीचे म्हणून त्याने आदल्याच रात्री भरलेही होते.

समोर असलेले पर्याय

पर्याय चार होते, आणि चारही एकाच वाक्यात एकमेकांत मिसळून बोलले जात होते. ‘काहीतरी नवीन करूया’ या वाक्यात. ते सुटे करायलाच दोन संध्याकाळी गेल्या.

पहिला, ते स्टेम सेल केंद्र. इथे मी जरा तापलो, कबूल करतो. स्टेम सेलचं खरं काम जगात चालू आहे. एप्रिल 2025 मध्ये कंपवातावरचे दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध झाले. क्योटो विद्यापीठाचा सात रुग्णांचा, आणि अमेरिका-कॅनडातला बारा रुग्णांचा. दोन्हींत डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या आधीची अवस्था प्रयोगशाळेत तयार केली, कवटीला छिद्र पाडून ती मेंदूतल्या नेमक्या जागी सोडली आणि पुढे वर्ष-दोन वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं. प्रश्न मुख्यतः एवढाच होता की हे सुरक्षित आहे का. पण हे अभ्यास छापून आले ते नंतर. आण्णांच्या वेळी माझ्या हातात होता तो नियम. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे आणि तत्सम ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो. आणि चाचणीतल्या प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी कमरेत टोचल्या की मेंदूत जाऊन डोपामिन बनवतील, यामागे काय आधार आहे ते माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. मी मुलाला एकच फोन करायला सांगितला: ‘तुमच्या चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक द्या.’ भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची ही सार्वजनिक नोंदवही 2007 पासून आहे, कुणालाही बघता येते. पलीकडून उत्तर आलं, ‘ही चाचणी नाही सर, ही ट्रीटमेंट आहे.’ मुलाला तेवढं पुरलं. पंचवीस हजार परत मिळाले नाहीत.

दुसरा, मेंदूत तारा बसवून विद्युत उत्तेजन देण्याची शस्त्रक्रिया, डीबीएस. ही जुनी आणि सिद्ध आहे, काही लाखांची आहे. पण ती विचारात घ्यायची ती गोळ्यांची घडी नीट बसवूनही भागत नसेल तेव्हा. यांची घडी बसली होती की नाही, हे कुणी तपासलंच नव्हतं.

तिसरा, पुण्यात एका केंद्रात चालू असलेली, रीतसर नोंदलेली चाचणी. आजाराचा वेग कमी करू शकेल अशा औषधाची. नवीन औषधाची वाट खऱ्या अर्थाने इथूनच जाते, म्हणून माझं मन या बाजूला झुकलेलं होतं. त्याचा परिणाम पुढे दिसेल.

चौथ्याला कुणी पर्याय म्हणतच नव्हतं. आहे त्याच औषधाकडे पुन्हा नीट बघणं.

मुलीने पुण्याहून पाठवलेली एक बातमीही मध्येच आली, थोडी उशिरा, 2025 च्या फेब्रुवारीत: अमेरिकेत सुझेट्रिजीन नावाचं अफू-वर्गाबाहेरचं नवं वेदनाशामक मंजूर झालं. बातमी खरी होती. वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंवरचं सोडियमचं एक दार ते बंद करतं आणि मेंदूपर्यंत निरोप जाऊ देत नाही. पण मंजुरी होती ती तात्पुरत्या तीव्र दुखण्यासाठी, शस्त्रक्रियेनंतर होतं तसल्या. कमरेतून पायात जाणाऱ्या जुनाट कळेवर ते वापरून पाहिलं तेव्हा औषध घेणाऱ्यांना आराम पडला, आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तितकाच पडला. जुनाट दुखण्याच्या औषधांची गाडी वर्षानुवर्षं याच खड्ड्यात अडकते.

काय केलं

आण्णांच्या सुनेला मी भिंतीवरचं कालनिर्णय काढायला लावलं. रोजच्या चौकोनात चार गोष्टी: गोळी कधी, पोटात काय, दुखणं कधी ते कधी, चालणं कसं. पंधरा दिवस. तिने चौकोनात मावेना म्हणून मागच्या कोऱ्या जागेवरही लिहिलं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू कोणती विचाराल तर ते कॅलेंडर.

त्यात दिसलं ते असं. पहाटेचं दुखणं रोज चार ते सहा. रात्री नऊच्या गोळीचा असर तोवर पार उतरलेला असायचा. दुपारचं दुखणं सकाळच्या गोळीनंतर साडेचार-पाच तासांनी, म्हणजे पुढची गोळी मिळायच्या ऐन आधी. बुधवार आणि रविवारची दुपार सगळ्यांत वाईट. आणि एक कोडं: बऱ्याच सकाळी नऊच्या सुमाराला सुनेने लिहिलं होतं, ‘अंग वळवळतंय, मान डोलतीय’.

बुधवार-रविवारचं कोडं कोल्हापूरकराला लगेच सुटेल. मटणाचे वार. लेव्होडोपा हे एक अमिनो आम्लच आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला जे दार लागतं, तेच दार प्रथिनांतून सुटणाऱ्या इतर अमिनो आम्लांना लागतं. ताटात मटण आणि पांढरा रस्सा, आणि वर लगेच गोळी, म्हणजे दाराशी झुंबड. ‘रिकाम्या पोटी गोळी घेऊ नये’ हा आपल्याकडचा घरगुती कायदा, तो आण्णांनी कसोशीने पाळला होता. सकाळची गोळी तर ते कट्ट्यावर, म्हशीच्या धारोष्ण दुधाच्या मोठ्या पेल्यासोबत घेत. चार वर्षं! कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

नऊच्या वळवळीचा उलगडा काकींनी, म्हणजे आण्णांच्या पत्नीने, केला, तोही स्वयंपाकघरातून डबा आणून. गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाने दिलेली पूड, रोज सकाळी चमचाभर दुधातून. खाजकुहिलीच्या बिया, कवचबीज. हे काही थोतांड नाही. आपल्या वैद्यकात कंपवातावर ते जुनं आहे, आणि 1937 मध्ये मद्रासच्या दोन संशोधकांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं होतं. अडचण नेमकी तीच. डॉक्टर शंभर मिलिग्रॅम मोजून देत होते आणि आण्णा चमच्याने, न मोजता, तेच औषध वर घालत होते. कधी दोन्ही एकदम चढायचं, मान डोलायची. कधी दुधापायी दोन्ही अडून बसायचं.

इथे पहिला अवघड प्रसंग आला. पुण्याच्या चाचणीत अर्ज करायचा तर ही पूड सांगायची का? मुलाचं म्हणणं, बंद करू आणि विषय काढायचाच नाही, उगाच नाव कापतील. त्याला मी एक्सेनाटाइडची गोष्ट सांगितली. मधुमेहाचं हे औषध कंपवाताचा वेग कमी करेल असं 2017 मध्ये लंडनच्या 62 रुग्णांच्या अभ्यासात वाटलं होतं. जगभरचे रुग्ण त्याकडे डोळे लावून बसले. मग मोठा अभ्यास झाला, 194 रुग्ण, 96 आठवडे. त्याचा निकाल 2025 च्या सुरुवातीला आला: फायदा नाही. (निकाल तेव्हा यायचा होता. मी त्याला पहिला अर्धा भाग त्या दिवशी सांगितला आणि दुसरा नंतर.) कंपवातात तर नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामिन सुटतं, हे 2001 मध्येच स्कॅनवर दिसलेलं आहे. जिथे आशाच औषधासारखी वागते तिथे खरं औषध ओळखणं आधीच कठीण. त्यात कुणी गुपचूप चमचाभर लेव्होडोपा घेत असेल तर त्या अभ्यासातून निघणाऱ्या आकड्यावर कोण विसंबणार?

आण्णा तोवर गप्प होते. मग म्हणाले, ‘पॅटर्नमधी भेग हाय आणि मेण भरून झाकली, तर कास्टिंग सांगतंयच की. सांगा सगळं.’

दुसरा निर्णय जास्त अवघड होता. चाचणीत येण्याआधी काही आठवडे औषधं न बदलता स्थिर ठेवावी लागतात. म्हणजे आता गोळ्यांची घडी बदलली तर अर्ज लांबणार, आणि अर्ज आत्ता करायचा तर पहाटेचं दुखणं तसंच सोसायचं. मुलगा अर्जाच्या बाजूने. काकी साफ विरोधात: ‘रातभर पाय दाबत मी बसत्या, तुम्ही न्हाई.’ मी मध्यममार्ग काढायला बघत होतो, जो नव्हता. शेवटी काकींचं ऐकलं. माझ्या मते तो या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय, आणि तो सर्वांत कमी शिकलेल्या माणसाने घेतला.

कॅलेंडर घेऊन सगळे मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. बाहेर साठेक रुग्ण. डॉक्टरांनी दोन मिनिटं नुसतं कॅलेंडर वाचलं आणि म्हणाले, ‘हे आधी का नाही आणलं?’ त्यांनी केलेले बदल: एकूण मात्रेत थोडी वाढ, पण तीनाऐवजी पाच वेळा विभागून. गोळी जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास, पाण्याबरोबर, मळमळलं तर एखादं मारी बिस्किट. रात्री सावकाश विरघळणारी गोळी. पहाटेची गोळी उशाशी, जाग येताच. पूड बंद. प्रीगाबालिन एकदम नाही, पायरीपायरीने उतरवायचं. मटण बंद नाही! ते दुपारऐवजी रात्री, आणि दूध गोळीपासून लांब. वाचणाऱ्याने हे आपल्या घरी तसंच लावू नये. यातली प्रत्येक वेळ आण्णांच्या पंधरा चौकोनांवरून ठरली होती.

पुण्याची फेरी

आठ आठवडे औषधं स्थिर राहिल्यावर आम्ही पुण्याला गेलो. या भागात माझी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

तपासणीला सकाळची गोळी न घेता यायचं होतं, आजार औषधाविना कसा दिसतो ते मोजण्यासाठी. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, बिनगोळीचा माणूस, गाडीत. म्हणून आदल्या दिवशीच मुलीकडे मुक्काम केला. तरीही ती पहाट वाईट गेली.

केंद्रातली माणसं चांगली होती. समन्वयक मुलीने संमतिपत्र मराठीत दिलं. भाषा कोर्टाच्या नोटिशीसारखी, पण तिने शेजारी बसून उलगडून सांगितलं: कधीही बाहेर पडता येईल, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई, आणि कुणाला औषध, कुणाला दिखाऊ गोळी हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

‘म्हणजे मला पिठाचीच गोळी मिळाली तर?’ आण्णांनी विचारलं.

‘तर तुमची नेहमीची औषधं चालूच राहतील काका. पण नवीन काही मिळालेलं नसेल.’

‘आणि खरी मिळाली, आन् ती फेल असली तर?’

‘तर ती फेल आहे हे तुमच्यामुळे कळेल.’

आण्णा हसले. नव्या नमुन्याचं पहिलं कास्टिंग गिऱ्हाइकाला कधी देत नाहीत, ते कापून आत पोकळी राहिली का बघतात, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. त्यांना चाचणी माझ्यापेक्षा लवकर कळली होती. सही करायला पेनही काढलं.

त्यानंतर डॉक्टरांनी निदानाची तारीख विचारली. 2020. चाचणीला निदान होऊन तीन वर्षांच्या आतले रुग्ण हवे होते. वेग कमी करणारं औषध तपासायचं तर पेशी शिल्लक असतानाच तपासावं लागतं, त्यामुळे अशा बहुतेक चाचण्या सुरुवातीच्या रुग्णांसाठीच असतात. ही अट सीटीआरआयच्या पानावर स्पष्ट छापलेली होती. मी त्या पानावरून केंद्राचा फोन नंबर घेतला होता, औषध बघितलं होतं, टप्पा बघितला होता. पात्रतेच्या अटींपर्यंत खाली गेलोच नाही. रोज विद्यार्थ्यांना ‘लेबल पूर्ण वाचा’ म्हणणारा मी.

परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत कुणी बोललं नाही. तिथे चहा घेताना काकी म्हणाल्या, ‘दुखणं कमी झालंय न्हवं? मग झालं.’

काय झालं

पहाटेचं दुखणं दोन तासांवरून वीस-पंचवीस मिनिटांवर आलं, आणि रोजचं आठवड्यातून दोन-तीनदा झालं. दुपारचं जवळजवळ गेलं. वळवळ थांबली. प्रीगाबालिन सुटल्यावर दिवसाची झोप गेली, त्यानंतर पडणं झालेलं नाही. खांदा तसाच आहे. तो बहुधा तसाच राहील.

आजार मात्र पुढे सरकतोय. पाच गोळ्यांची घडी किती दिवस पुरेल हे सांगता येत नाही, आणि डॉक्टरांनी डीबीएसचा विषय आता स्वतःहून काढला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझी पात्रतेची चूक उघड आहे. एक फोन पुरला असता आणि ती बिनगोळीची पहाट टळली असती. पण त्याहून जुनी चूक सव्वा वर्षाच्या मालिशीत आहे. खांद्याबरोबर अक्षर, चाल, हाताचं हलणं कुणी बघितलं असतं तर निदान आधी झालं असतं. त्याने आजार थांबला नसता. नव्या औषधांच्या चाचण्या ज्या काळातले रुग्ण मागतात तो काळ मात्र असा निसटला नसता. फिजिओथेरपीच्या माझ्या ओळखीच्या दोघांना मी हे सांगितलं. एकीने लगेच आपल्या तपासणीच्या कागदावर ‘हस्ताक्षराचा नमुना’ अशी एक ओळ वाढवली.

गोळी कशाबरोबर घेता, हा प्रश्न चार वर्षांत एकानेही विचारला नाही. दुकानदाराने नाही, डॉक्टरांनी नाही, शेजारी राहणाऱ्या माझ्यासारख्या औषधाच्या मास्तराने तर नाहीच. मी आण्णांना कट्ट्यावर पेला हातात घेऊन गोळी टाकताना कितीदा पाहिलं होतं.

पुण्याच्या केंद्राने त्यांचा नंबर ठेवून घेतलाय, पुढे-मागे जास्त वर्षं झालेल्या रुग्णांसाठी काही आलं तर. आण्णा महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथे फोन लावतात. डीबीएसचं विचारलं की म्हणतात, नवरात्र होऊ दे. दूध आता संध्याकाळी सातला पितात, सहाची गोळी पाचला सरकवून.